ओन्सेला ये

लोरेतोनं गाडीचं दार सरकवलं, लोकरीच्या पिशव्या आत फेकल्या, त्यांच्यामागून स्वतःलाही फेकलं आणि केसांतलं पाणी झटकत फर्मावलं, "राहुए. पुलापलीकडे, चर्चच्या मागची गल्ली. आणि जरा पटपट हं, ही लोकर भिजली तर आई मलाच सुईवर घेईल."

ओसोर्नोत पाऊस पडतो ही काही बातमी नव्हे. दोन दिवस पडला नाही, तर लोक एकमेकांना विचारतात, काय बिनसलं असेल? पण त्या डिसेंबरातल्या, म्हणजे इकडच्या ऐन उन्हाळ्यातल्या दुपारी तो असा काही आडवातिडवा कोसळत होता, की बाजाराबाहेर दिसलेल्या पहिल्या पिवळ्या गाडीत ती घुसली होती.

ड्रायव्हरच्या तोंडात पावाचा भलामोठा घास होता. त्यानं आरशातून तिच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं... आणि ते जमत नाही म्हणून नुसती मान डोलावून गाडी सुरू केली.

रस्ताभर लोरेतो फोनवर आईला समजावत होती, की निळी लोकर मिळाली नाही, हिरवी मिळालीय, आणि हिरवी म्हणजे निळीच थोडी. घराशी उतरताना तिनं पाकीट काढलं.

"किती झाले?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"ही टॅक्सी नाही, सेन्योरिता. शाळेची गाडी आहे."

तेव्हा कुठे तिचं लक्ष गेलं. बाकं जेमतेम गुडघ्याएवढी, काचेवर कागदी फुलपाखरं, आणि पायाशी कुण्या पोराचा एकुलता एक लाल मोजा. तिची कानशिलं तापली.

"मग आधी नाही का सांगायचं?"

"तोंडात पाव होता. तो संपला तेव्हा तुम्ही बोलत होता."

"मी काही सारखी बोलत नव्हते!"

"नाही कसं? पुलावर एकदा थांबला होतात की... श्वास घ्यायला."

आता अशा वेळी माणसानं दार आपटून निघून जावं. पण सरकतं दार आपटता येत नाही, आणि हे तर अर्ध्यावरच अडकलं. तो पावसात उतरला, तिच्या बाजूनं आला, दाराला खालून हलकेच गुडघा लावला आणि दोन बोटांनी ते बंद केलं. दारावर लिहिलेलं होतं – 'शनिवार-रविवार सहली. पुयेवे राष्ट्रीय उद्यान. तळी, ज्वालामुखी, गरम पाण्याची कुंडं. फेर्मीन.'

"आगाऊ," लोरेतो पुटपुटली. तो हसला असावा. पावसामुळे नीट दिसलं नाही, आणि दिसलं नाही याचाही तिला राग आला.

घरी येऊन तिनं हा सगळा किस्सा आईला रंगवून सांगितला. आईनं, म्हणजे सेन्योरा एदितनं, त्यातलं नेमकं एकच ऐकलं.

"गरम पाण्याची कुंडं? गुडघ्यांना फार चांगलं म्हणतात. बोलाव त्याला."

इथून लोरेतोच्या डोक्याला जो ताप सुरू झाला, तो उन्हाळा सरला तरी उतरला नाही.

आईचं एक विणकाम मंडळ होतं. आई, तिच्या तीन मैत्रिणी आणि त्यांची म्होरकी ब्रूनिल्दा मावशी, जी लोरेतोची कुणीच लागत नव्हती, पण अख्ख्या गल्लीची मावशी होती. सहल मंडळाची, हौस मंडळाची, आणि आखणी मात्र लोरेतोची. कारण ती चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर काम करायची, म्हणजे तिला सगळं येत असणार.

फेर्मीन आला तो गुरुवारी, ऐन ओन्सेच्या वेळेला. ओन्से म्हणजे संध्याकाळचा चहा. तसा शब्दाचा अर्थ अकरा. चहाला अकरा का म्हणतात ते चहा पिणाऱ्यांनाही ठाऊक नाही, आणि गरम पाव समोर असताना ते विचारत बसायला वेळ कुणाला आहे? आईनं त्याला टेबलाशी बसवलं, पुढ्यात पाव, लोणी, आवोकाडो ठेवले. चहा आटोपल्यावर 'माते'ची, म्हणजे कडू पानांच्या काढ्याची, एकच वाटी सगळ्यांत फिरू लागली.

"मला तळं बघायचंय," ब्रूनिल्दा मावशी म्हणाली. "गरम पाणी माझ्या घरीही येतं."

"मला कुंडात बसायचंय," आई म्हणाली. "तळं मला ताटात वाढणार आहेस का?"

तिसरीला ज्वालामुखीच्या तोंडाशी उभं राहून फोटो काढायचा होता. चौथीला वाटेत कुठे कुठे संडास आहेत ते आधी कळायला हवं होतं. आणि पाचवी येणार की नाही हे तिची सून ठरवणार होती.

"पुढच्या शनिवारी जाऊ," लोरेतो म्हणाली. "सकाळी कुंड, दुपारी तळं, फोटो मी काढते. संपलं."

"जानेवारीत?" फेर्मीननं वाटी तोंडाशी नेता नेता थांबवली. "जानेवारीत तिथे गोमाश्या असतात. आणि त्या काळे कपडे घातलेल्यांनाच चावतात."

टेबलाभोवतीच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. सगळ्या काळ्या कपड्यांत होत्या.

सहल फेब्रुवारीवर गेली. फेब्रुवारीत तो म्हणाला, की सुट्टीची गर्दी आहे, कुंडात माणसं इतकी की पाणी दिसत नाही. मार्चच्या सुरुवातीला म्हणाला, वरच्या रस्त्यावर काम काढलंय. दर गुरुवारी यायचा. 'आत्ता आलोच' असा निरोप यायचा आणि मागाहून तासाभरानं स्वारी यायची. एक नवी अडचण सांगायची, बायकांनी मान डोलवायची, आणि लोरेतोनं पुन्हा सगळं नव्यानं आखायचं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!

"तुमचा धंदा चालतो तरी कसा हो?" एकदा ती फाटकापर्यंत सोडायला गेली असताना करवादली. "गिऱ्हाइकाला न्यायचं सोडून तुम्ही त्याला परावृत्त करता!"

"गिऱ्हाइकाचं भलं बघावं माणसानं."

"मग आमचं काय वाईट होणार होतं जानेवारीत?"

"तुमचं नाही. तुम्ही पिवळं घालता," तो म्हणाला. आणि मग, जरा थांबून – "चांगलं दिसतं."

लोरेतोनं फाटक लावून घेतलं. घरात येऊन आरशात पाहिलं. खरंच पिवळंच होतं. आणि इस्त्रीचं होतं! घरात बसून आवोकाडो खायला कोण मुलगी इस्त्रीचा ब्लाउज घालते? तिला स्वतःचीच चीड आली.

आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. मातेची वाटी परत देताना 'ग्रासियास' म्हटलं, की समजायचं – बस, आता नको. फेर्मीन ते कधीच म्हणायचा नाही. वाटी मुकाट्यानं परत करायचा, ती पुन्हा भरून यायची, आणि असा तो बसून राहायचा. "या पोराला आभार मानायला कुणी शिकवलंच नाही," मावशी कुरकुरायची. लोरेतोही त्रासिक चेहरा करायची... आणि किटलीत आणखी पाणी ओतायची.

कारण एव्हाना तिला एक कळून चुकलं होतं. सहल झाली नाही तर आई तिला जगू देणार नव्हती. आणि सहल झाली, की पुढच्या गुरुवारी हा माणूस या घरी कशाला येईल? तो काही बोलत नव्हता. नुसता बघायचा, हसायचा आणि पाव खायचा.

अखेर आईनंच टेबलावर हात आपटला. "मार्च संपायच्या आत मला पाण्यात बसवा. नाहीतर मी टॉवेल गुंडाळून बसस्टॉपवर जाऊन उभी राहीन!"

ठरलं. महिन्याचा शेवटचा शनिवार.

त्या संध्याकाळी ती त्याला सोडायला फाटकाशी आली. पाऊस भुरभुरत होता. गाडी गल्लीच्या मधोमध उभी होती, कारण तिथे दुसरीकडे कुठे उभी राहूच शकत नव्हती.

"आईच्या गुडघ्यांची काळजी वाटते," लोरेतो म्हणाली. "कुंडाला पायऱ्या आहेत म्हणतात. कुणीतरी आधी जाऊन बघून यायला हवं."

"हं."

"तुझं हे 'हं' म्हणजे काय ते एकदा सांग." तुम्हीचं तू कधी झालं हे दोघांनाही आठवत नव्हतं.

तो हसला नाही. तिच्या खांद्यावर लोकरीचा एक हिरवा धागा चिकटला होता. तो त्यानं चिमटीत उचलला आणि टाकून न देता खिशात ठेवला.

"लोरेतो, मी काय म्हणत होतो..."

मागे ट्रकनं भोंगा वाजवला. लांबलचक, बेशरम भोंगा.

"काय म्हणत होतास?"

"म्हणजे बघ, आता सहल..."

पुन्हा भोंगा. ट्रकवाला खिडकीतून मान काढून फेर्मीनच्या सात पिढ्यांची चौकशी करू लागला. फेर्मीन धावत गाडीत चढला आणि काच खाली करून ओरडला, "रविवारी आमच्या गावी ये! एन्त्रे लागोसला! ओन्सेला ये, मी धक्क्यावर थांबतो!"

गाडी निघून गेली. लोरेतो भुरभुर पावसात उभी होती आणि तिच्या ओठांवरचं हसू काही केल्या आवरत नव्हतं. पायऱ्या बघायला दोघांनी जायचं! फक्त दोघांनी!

रविवारी तिनं केस सरळ करायला अर्धी सकाळ घालवली आणि एन्त्रे लागोसची बस पकडली. अकराच्या ठोक्याला ती तळ्याकाठच्या लाकडी धक्क्यावर हजर होती. पुयेवे तळं समोर राखाडी पसरलं होतं. धक्क्यावर एक बदक होतं. फेर्मीन नव्हता.

'आत्ता आलोच'वाला माणूस, येईल तासाभरात, तिनं स्वतःला समजावलं. तास झाला. पाऊस आला. सरळ केलेले केस मूळपदावर आले. तिनं फोन लावला, लागेना. पुन्हा लावला, पुन्हा लावला. बदकसुद्धा कंटाळून निघून गेलं. शेवटी परतीच्या बसमध्ये ओल्या बुटांनी बसून तिनं त्याचा नंबर कायमचा बंद करून टाकला. मग खिडकीकडे तोंड करून रडली, आणि रडू आलं याचा तिला सगळ्यांत जास्त संताप आला.

"मला तो गाडीवाला नको," तिनं घरी जाहीर केलं.

"आता शेवटच्या घडीला दुसरा कुठून आणणार?" आई म्हणाली. "तुमचं भांडण तुमच्यापाशी. माझे गुडघे मध्ये आणू नका."

त्या गुरुवारी तो आलाच नाही.

शनिवारी मात्र गाडी दारात आली, वेळेवर! लोरेतोनं त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. बायका त्या गुडघ्याएवढ्या बाकांवर कशाबशा मावल्या. आईनं थर्मास काढून पहिली मातेची वाटी त्याच्या हातात दिली. त्यानं ती संपवली, परत केली आणि म्हणाला, "ग्रासियास, सेन्योरा."

लोरेतो बाहेर बघत राहिली. हा एक शब्द इतका लागेल असं तिला वाटलं नव्हतं.

उद्यानात शिरल्यावर झाडी दाटली. रस्त्याकडेची नेची माणसाएवढी होती आणि त्यांच्यामागून नदीचा आवाज येत होता. वळणावळणांवर खालून पांढरी वाफ वर येत होती. पाऊस वरून पडत होता आणि दोन्हींची मध्येच कुठेतरी गाठ पडत होती. बायकांनी 'अगंबाई'चा गजर केला. गाडीतून उतरल्यावर सगळ्या पायऱ्यांकडे निघाल्या, तसा फेर्मीन आडवा आला.

"सेन्योरा एदित, तुम्ही तिकडून नका जाऊ. पायऱ्यांवर शेवाळं आहे, आणि डाव्या बाजूला कठडाच नाही. तुम्ही माझ्याबरोबर या."

त्यानं आईचा हात धरून तिला सपाट वाटेनं नदीकाठी नेलं. तिथे वाळूतूनच गरम पाणी झिरपत होतं. खांद्यावरचं फावडं काढून त्यानं खड्डा खणला, दगड लावले, नदीचं थंड पाणी बेतानं आत घेतलं, कोपर बुडवून पाहिलं. मग आईला अलगद बसवलं. आईनं डोळे मिटले. "अरे देवा," ती म्हणाली, "अरे देवा, हे गुडघे माझेच आहेत का?"

लोरेतो टॉवेल घेऊन मागे उभी होती. शेवटी तिच्यानं राहवेना.

"तुला काय माहीत, कठडा नाही ते?"

"बघून गेलो होतो." तो दगड रचत राहिला. "तूच म्हणाली होतीस ना, कुणीतरी बघून यायला हवं. रविवारी सकाळी आलो होतो."

"रविवारी सकाळी?" तिचा आवाज चढला. "रविवारी सकाळी तू इथे होतास? आणि मी तिकडे धक्क्यावर मूर्खासारखी भिजत होते!"

फेर्मीनच्या हातातला दगड पाण्यात पडला. "धक्क्यावर? सकाळी? सकाळी कशाला गेलीस?"

"कशाला म्हणजे? तूच बोलावलंस!"

"मी ओन्सेला ये म्हटलं होतं!"

"मग ओन्सेलाच आले होते मी! अकराच्या ठोक्याला!"

फेर्मीन ओल्या हातांनीच उठून उभा राहिला.

"ओन्सेला," फेर्मीन हळूच म्हणाला. "चहाला गं. आमच्या घरी. आईनं तिच्या लग्नातले कप काढले होते. कुखेन केला होता, मुर्ताच्या फळांचा केक... मी अंधार पडेपर्यंत धक्क्यावर उभा होतो. तुझे सकाळचे फोन पाहिले. इथे वर रेंज नसते ना. म्हटलं, नाही येत म्हणून सांगायलाच केले असतील. मी लावला तर तुझा लागेना. आईनं तुझ्या वाट्याचा तुकडा बुधवारपर्यंत झाकून ठेवला होता."

चहाला बोलावणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. लग्नातले कप काढून बोलावणं तर नव्हेच नव्हे.

"थांबा, थांबा!" पलीकडच्या कुंडातून ब्रूनिल्दा मावशीचा आवाज आला. वाफेतून फक्त तिचं डोकं दिसत होतं आणि शेजारी मंडळाची बाकीची डोकी. सगळ्यांचे कान इकडेच होते. "पोरा, तू त्या दिवशी म्हणालास तस्सं परत म्हण बघू. मोठ्यानं."

"मावशी, जाऊ दे ना..."

"म्हण!"

फेर्मीननं कपाळ पुसलं. "ओन्सेला ये, मी धक्क्यावर थांबतो."

"अकराला," एक डोकं म्हणालं.

"छे, चहाला! स्पष्ट चहाला म्हणाला," दुसरं म्हणालं.

"'आ ला ओन्से' म्हणजे चहाला, 'आ लास ओन्से' म्हणजे अकराला; कागदावर दोन्हींत एका 'स'चा फरक आहे," मावशीनं निवाडा दिला. "पण आपल्याकडे शब्दाच्या शेवटचा 'स' कुणी उच्चारेल तर शपथ! सगळे गिळतो आपण. पोरा, तू तो 'स' गिळलास, आणि त्या घासापायी पोरीचा रविवार गेला."

"नव्हताच तिथे 'स'! मी चहालाच म्हटलं होतं!"

"मग मी काय नसलेला 'स' ऐकला?" लोरेतो उसळली.

"अगं, पण गेलात ना दोघंही?" खड्ड्यातून आईनं डोळे न उघडताच विचारलं. "एकाच धक्क्यावर? एकाच दिवशी? मग भांडताय कशाला? आणि बाजूला जाऊन भांडा, माझं पाणी निवतंय."

दोघं बाजूला गेली. फेर्मीन फावड्यावर रेलून उभा राहिला. वाफ त्यांच्यामधून जात होती, त्यामुळे बोलणं थोडं सोपं झालं.

"एक विचारू?" लोरेतो म्हणाली. "गोमाश्या, गर्दी, रस्त्याचं काम... हे सगळं खरं होतं?"

"खरं होतं. पण..." त्यानं फावड्यानं वाळूत एक रेघ ओढली. "गोमाश्यांना हाकलता येतं. गर्दीत वाट काढता येते. सहल झाली असती, तर पुढच्या गुरुवारी मी कुठल्या तोंडानं आलो असतो? म्हणून लांबवत होतो. मला तू आवडतेस, लोरेतो. त्या पुलावर तू श्वास घ्यायला थांबलीस ना... तेव्हापासून."

लोरेतोला हसू आलं, रडू आलं, आणि चारही महिन्यांचा वैताग एकदम उफाळून आला.

"अरे मग हे सांगायला चार महिने? पाच बायकांना ताटकळत ठेवून? मी सहा वेळा सगळं नव्यानं आखलंय, माहितेय? इस्त्रीचे किती ब्लाउज..." ती थांबली. फार बोलून गेली होती.

"ब्लाउजचं काय?"

"काही नाही."

"श्वास घे."

तिनं श्वास घेतला. मग त्याच्या खिशाकडे बोट दाखवलं. "धागा कुठे आहे माझा?"

त्यानं खिशातून हिरवा धागा काढला. थोडा मळला होता. तिनं तो घेतला, त्याच्या बोटाला गुंडाळला, आणि बोट काही सोडलं नाही.

"उद्या रविवार," ती म्हणाली.

"हं."

"तुझ्या आईला सांग कप काढायला. मी येतेय, ओन्सेला."

फेर्मीननं फावडं खाली टाकलं. चेहरा इतका काळजीत पडला, की तिची सगळी चीड तिथेच विरघळली.

"लोरेतो, देवाशपथ... नीट सांग. अकराला की चहाला?"

"अकराला येते," ती म्हणाली, "आणि चहापर्यंत थांबते."